बावखलची खरखर

बहिणीचं भलं करायचं म्हणून ॲलिस्टरने तिची कॅसेट पुसली. चुकून नव्हे. नीट, काळजीने, मशीनवर फिरवून पार कोरी केली, डबीत घातली आणि तिच्या हातात ठेवत म्हणाला, "घे, परत वापरायला होईल. हल्ली मिळतात कुठे कॅसेट?"

जीनाला आधी कळलंच नाही. झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटपून ती वसईच्या पश्चिमेकडच्या आपल्या वाडीतून इकडे पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत, मावसभावाच्या स्टुडिओत आली होती. कॅसेटची एक कॉपी कॉम्प्युटरवर घे, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं.

"कोरी म्हणजे?"

"अगं, आतलं सगळं मी कॉम्प्युटरवर घेतलं ना. आणि साफ केलं. तीन रात्री बसलोय. ऐक, रडशील."

त्याने बटण दाबलं. जीनाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्याला वाटलं, आनंदाचं.

आता त्या कॅसेटवर काय होतं ते सांगायला हवं. जीना आणि विपुल, दोघांचाच बँड. नाव बावखल. वसईच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची जुनी तळी असतात, हिरवीकाळी, शेवाळलेली, काठाला उंबर नाहीतर केवडा, त्यांना बावखल म्हणतात. बँडचं संगीत म्हणजे ब्लॅक मेटल, आणि त्यातलंही कच्चं, न सोललेलं. गिटार म्हणजे उठवलेल्या गांधीलमाश्या. ड्रम म्हणजे पत्र्यावर कुणी दगडांचं पोतं ओतावं तसे. आणि या सगळ्याच्या मागे, खूप आत, एक बाई नरडं फाडून किंचाळते. शब्द कळत नाहीत. रेकॉर्डिंग मुद्दाम वाईट. जुना टू-इन-वन, त्याला एकच माइक, आणि आवाज मोजणारी सुई पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल पट्ट्यात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस टेप बिघडला म्हणून त्याच्या टाळक्यात थाप मारतो.

दुसऱ्यांदा ऐकणारा सहसा नसतोच. हीच तर गोची. हे संगीत तुमच्याकडे चालत येत नाही, चहापाणी विचारत नाही. दार बंद करून आत बसतं. उन्हातून काळोख्या खोलीत शिरलं की आधी काही दिसत नाही, मग कपाट दिसतं, मग खुंटीवरचा शर्ट दिसतो. तसं त्या खरखरीत कितव्या तरी वेळी एक सूर दिसायला लागतो. दुखरा, बारीक, हट्टी. तोच सूर साफसूफ करून ताटात वाढला असता तर पहिल्या घासाला कळला असता आणि हात धुताना विसरला असता. बरेच जण तिथवर पोचत नाहीत. न पोचोत. कुणी आमंत्रण दिलंय?

जीना एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. "काही नाही हो काका, मुंगी चावेल फक्त," हे दिवसभर, हसून. रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये पहिल्या रांगेत. काय गोड आवाज. काय गोड पोरगी. दीर्घ आजारी माणसांपासून फादरांपर्यंत सगळ्यांनी तिला गोड म्हणून म्हणून ठेवलं होतं; अठ्ठाविसाव्या वर्षी तिला या शब्दाचा मधुमेह झाला होता. या संगीताची पैदास कुठल्या तरी थंड देशात देवाला शिव्या घालणाऱ्या पोरांनी केली हे तिला ठाऊक होतं. तिचं देवाशी भांडण नव्हतं. गोडाशी होतं.

त्यांच्या वाडीतल्या बावखलचं दोन वर्षांमागे सुशोभीकरण झालं. या शब्दाला कोणी विरोध करू शकत नाही, म्हणून तो बनवलाय. काठाला लाद्या बसल्या, मधोमध कारंजं आलं, निळे-जांभळे दिवे आले, फोटो काढायला माणसाच्या उंचीचं लाल हृदय आलं. बेडूक गेले. पाणकोंबड्या गेल्या. उद्घाटनाला सगळे म्हणाले, किती छान केलंय नाही! जीनाने त्याच आठवड्यात बँडचं पहिलं गाणं लिहिलं.

कॅसेट भरली ती विपुलच्या बागेत. विपुल वाडवळांचा, केळी आणि मोगरा करतो. त्याच्या बागेतल्या बावखलला अजून कुणी शोभा आणलेली नाही. काठावर पंपाची पत्र्याची खोली, तिथे दोघांनी भाद्रपदात एका दुपारी सगळं एका दमात वाजवलं. टेपवर बेडूक आले, मोटरची घरघर आली, शेवटच्या गाण्यात विपुलची काठी मोडून भिंतीवर आपटली तेही आलं. तसं पुन्हा ठरवून येत नाही.

आणि आता स्टुडिओच्या गुळगुळीत स्पीकरांतून जे येत होतं त्यात बेडूक नव्हते. घरघर नव्हती. ड्रम लग्नाच्या हॉलमधल्यासारखे गोल गोल वाजत होते. आणि तिची किंकाळी ॲलिस्टरने सुरात बसवली होती. किंकाळी. सुरात.

"कसंय?" ॲलिस्टर. बिचारा खरंच उजळला होता. भक्तिगीतं, लग्नाची गाणी, जिमच्या जाहिराती, सगळ्यांना असंच धुऊन-पुसून द्यायचं हा त्याचा धंदा. "तुझा आवाज आता कळतोय बघ. आधी काय, खड्ड्यात पडल्यासारखा."

"मी खड्ड्यातच होते."

"काय?"

"ॲलिस्टर, मूळचं कुठाय? साफ करायच्या आधीचं? कॉम्प्युटरवर ठेवलं असशील ना?"

"त्याच्यावरच केलं ना काम. जागा किती खातं ते. आणि तो कचरा ठेवून काय करायचंय?" मग तिचा चेहरा बघून, "अगं वेडी, ऐक तर. विरारच्या फेस्टिव्हलवाल्यांना पाठवलं मी. मोठा स्टेज, दिवे, सगळं. घेतायत ते तुम्हाला! फक्त असंच वाजवा म्हणाले. तुझ्या त्या पुण्याच्या कॅसेटवाल्यालाही मेल करून टाकलं."

"मला न विचारता?"

"सरप्राइज होतं."

जीना उठली. कोरी कॅसेट पर्समध्ये टाकली. दारात वळून म्हणाली, "तुला माहितीये तू काय केलंस? तू माझं सुशोभीकरण केलंस."

त्याला ते काही लागलं नाही. त्याला वाटलं, कौतुकच आहे.

*

विपुल मोगऱ्याच्या वाफ्यात उकिडवा बसून कळ्या खुडत होता. जीना बोलून थांबली तरी त्याचा हात थांबला नाही.

"त्याने मला पण पाठवलंय," तो म्हणाला. "ऐकलं मी."

"मग?"

"शिव्या नको देऊस हां."

"विपुल."

"मला आवडलं यार." आता त्याने वर बघितलं. "माझे ड्रम पहिल्यांदा ऐकू आले मला. वैनीला ऐकवलं, ती पळून नाही गेली. विरारचा स्टेज आहे जीना. आयुष्यात कोण बोलवणारे आपल्याला? आपलं ते आधीचं ऐकून माझा कुत्रा खाटेखाली गेलेला."

"तुझ्या कुत्र्याला कळलं मग. वैनीला नाही कळलं."

"ए, वैनीवर जाऊ नकोस."

"ते तुझे ड्रम नाहीतच बाबा! त्याच्या मशीनमधले आहेत. तुझे फाटके होते, मधला तर बँडवाल्यांनी टाकून दिलेला. आणि फाटके होते म्हणून तसे वाजत होते. स्टेजवर कोणाचे वाजवशील? रोज रात्री तू माझ्याशी भांडत होतास, माइक लांब ठेव, भिंत ऐकू येऊ दे म्हणून. आता भिंत कुठाय त्याच्यात?"

विपुलने कळ्यांची टोपली सरकवली. म्हणाला, "भिंत नाहीये, ते खरंय."

तेवढ्यात पुण्याच्या माणसाचा मेसेज आला. हा माणूस घरी बसून अशा बँडांच्या थोड्याथोड्या कॅसेट काढतो आणि जगभरच्या आपल्यासारख्याच येड्यांना पोस्टाने पाठवतो. त्याने लिहिलं होतं: हे तुम्ही मला फोनवर ऐकवलेलं नाही. हे काय आहे मला माहीत नाही, पण मी काढणार नाही. ते असेल तर ईस्टरच्या सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर मी दुसरा बँड घेतो.

"नाहीये ना ते," विपुल म्हणाला. "मग परत वाजवू. काढ गिटार."

आता खरी पंचाईत. गिटार जीनाच्या घरी कपाटावर होती आणि ईस्टरपर्यंत तिथून खाली यायची नव्हती. राखेच्या बुधवारी घरातल्या प्रत्येकाने ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळासाठी एक एक गोष्ट सोडली. मार्थाने, म्हणजे जीनाच्या मम्मीने, मासळी सोडली. जीनाने गिटार. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तिनेच शब्द दिला होता, आईच्या डोळ्यांत बघून.

"मोड की शब्द," विपुल म्हणाला. "त्या थंड देशातल्या लोकांनी चर्चेस जाळली, तू एक गिटार खाली काढू शकत नाहीस?"

"ते त्यांचं. मी मम्मीला फसवणार नाही. मला खोटं साफ करायचंय, अजून एक खोटं नाही घालायचंय."

"मग ड्रम वाजवतो मी एकटा."

"गुड फ्रायडेशिवाय मला सुट्टी नाही, आणि ईस्टरला वाजवलं तर पुण्याला वेळेत पोचणार नाही. आमच्या आळीला लागून बाग तुझी. त्या दिवशी ड्रम वाजवलास तर पुढची वीस वर्षं आमच्यातला कोणी तुझं केळं घेणार नाही."

विपुलने मान खाजवली. पंपाच्या उघड्या खोलीत मोटरच्या शेजारी त्याच्या आजोबांचं डिझेल इंजिन होतं, लाइट गेली की चालवायचं. काळं, तेलकट, म्हशीएवढं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"पाणी तर मला द्यायलाच लागतं," तो म्हणाला. "गुड फ्रायडे असो नाहीतर दिवाळी. केळीला काय कळतंय?"

जीनाने इंजिनाकडे बघितलं. मग विपुलकडे. मग तिला इतकं हसू फुटलं की तिने वाफ्यातच बसकण मारली.

*

पवित्र गुरुवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या घंटा बंद होतात. ऑर्गन बंद होतो. ईस्टरच्या रात्रीपर्यंत घंटेच्या जागी एक लाकडी खडखडा फिरवतात. त्याचा आवाज म्हणजे कोरडा, खवचट, हाडांवर हाडं आपटल्यासारखा. शुक्रवारी सकाळी क्रूसाच्या वाटेला आळीतून मिरवणूक निघाली तेव्हा खडखडा सेबॅस्टियन सरांच्या हातात होता. सर क्वायरचे मास्तर. त्यांनीच जीनाला सूर शिकवला. येशूच्या शेवटच्या वाटचालीची आठवण म्हणून वाटेत चौदा स्थानं, म्हणजे थांबे असतात; जीना चौदाही स्थानांवर गुडघे टेकत चालली, मनापासून, आणि मिरवणूक चर्चकडे वळल्यावर मागच्या वाटेने विपुलच्या बागेत गेली.

विपुलने हँडल मारलं. इंजिन खोकलं, थुंकलं आणि चालू झालं. पत्रे थरथरायला लागले, भिंतीतून माती गळायला लागली. विपुल डिझेल कमी-जास्त करत होता आणि त्याबरोबर ती घरघर चढत होती, उतरत होती, एका जागी घुटमळत होती. आठवडाभर त्याने सराव केला होता. केळी बुडायची वेळ आली होती. जीनाने कोरी कॅसेट घातली, टू-इन-वन कोपऱ्यात ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली.

गिटार नसली की किंकाळीला आडोसा नसतो. ती तशीच उघडी येते. आठवडाभर गिळलेलं सगळं त्यात आलं. ॲलिस्टर, त्याचे गुळगुळीत स्पीकर. लाल हृदय. मुंगी चावेल फक्त. तिने गेल्या रविवारी मिस्सेत ऐकलेल्या उताऱ्यातलं एकच वाक्य घेतलं होतं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, आणि ते ती परत परत फाडत होती, शब्द जाऊन नुसता घसा उरेपर्यंत. सुई लाल पट्ट्यात जाऊन पडली ती उठलीच नाही. डोळ्यांपुढे काजवे आले. अर्ध्या तासाची बाजू कधी संपत आली तिला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. इतर दिवशी त्या पट्ट्यात कुणाची ना कुणाची हळद, कुठलं तरी उद्घाटन, जिमचा स्पीकर चालूच असतो. गुड फ्रायडेला सगळं बंद. पान पडलेलं ऐकू येतं. जीनाचा आवाज बागा ओलांडून थेट चर्चच्या रस्त्यावर गेला.

आधी खडखडा ऐकू आला. सेबॅस्टियन सर चालता चालता तो थांबवायचं विसरले असणार. मग पावलं, आणि बायकांचा गलका, आणि त्यातून मार्थाचा आवाज, "जीना! गो जीना! काय झालं गो? कोणी मारलं तुला?"

दार ढकलून मार्था आत आली. मागे सर, खडखडा हातात. त्यांच्या मागे मिरवणुकीसाठी मावशीकडे आलेला ॲलिस्टर, आणि चार-पाच बायका पत्र्याबाहेर माना उंच करून. विपुलने घाईघाईने इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की टेपची चाकं फिरताना ऐकू आली.

मार्थाने लेकीला वरपासून खालपर्यंत चाचपलं. रक्त नाही, जखम नाही. मग तिची नजर टू-इन-वनवर गेली आणि चेहरा बदलला.

"हे तुझं ते?"

"हो मम्मी."

"आजच्या दिवशी? गिटार वाजवलीस?"

"नाही. घरी जाऊन बघ, कपाटावर आहे. तारेला हात नाही लावला."

"मग एवढा आवाज कसला?"

विपुल इंजिनामागून म्हणाला, "काकी, केळीला पाणी सोडलेलं."

बाहेरची एक बाई फिस्सकन हसली. मार्थाने नुसतं मागे बघितलं, ती गप्प झाली.

सेबॅस्टियन सर पुढे आले. ते ओरडणारे नव्हते, त्यांचं ओरडणं हळू आवाजात असायचं. "मी तुला गळा कसा जपायचा ते शिकवलं. आणि तू ही घाण करतेस त्याची? शुक्रवारी? लोक अजून गुडघ्यांवर आहेत."

"मी पण होते सर. चौदा वेळा. तुमच्या मागेच होते."

"मग हे काय आहे?"

जीनाचा घसा सोलून निघाला होता. शब्द खरवडून काढावे लागत होते. "तुमच्या हातात काय आहे सर?"

सरांनी खडखड्याकडे बघितलं, जणू कुणीतरी मघाशीच हातात दिला होता.

"घंटा का नाही वाजवली आज? गोड वाजते म्हणून ना? आज गोड चालत नाही म्हणून हे लाकूड फिरवता तुम्ही. कोणी म्हणतं का, सर, याला जरा तेल लावा, कानाला लागतं? तुमच्या चर्चला कळतं ते मला कळलं तर घाण कशी झाली?"

"चर्चला शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये. तिथूनच शिकले."

सरांनी खडखडा काखेला मारला. मग म्हणाले, "उद्या रात्रीचा ग्लोरिया तू गाणार नाहीस. रिहर्सललाही येऊ नकोस. हा आवाज घेऊन माझ्या क्वायरमध्ये उभं राहायचं नाही."

ते लागलं. ईस्टरच्या रात्री काळोखात घंटा परत वाजायला लागतात आणि ग्लोरिया, देवाच्या गौरवाचं गाणं, उठतो, तो ती दहाव्या वर्षापासून गात आली होती. तिला तो आवडायचा, मनापासून आवडायचा. इथे कोणाला वाटेल की तिने माफी मागावी. तिच्याही मनात आलं. कॅसेट द्यायची, रडायचं, उद्या गरम पाण्याच्या गुळण्या करून उभं राहायचं. सगळे म्हणतील, पोरगी शेवटी गोडच.

"बरं सर," ती म्हणाली.

सर गेले. बायकाही एकेक करत पांगल्या. मार्था हलली नाही.

"माझ्या घरात हे कधी लावायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या कानावर हे परत यायला नको."

"नाही लावणार. पण यात तू आहेस मम्मी. माझ्या नावाने ओरडत आलीस ना, ते सगळं आलंय."

"काढून टाक ते!"

"नाही."

"जीना, मी तुझी आई आहे. सांगते मी, काढ."

"काही काढणार नाही. तू घाबरून पळत आलीस ते खरं आहे. ते राहणार."

मार्थाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि इंजिनाजवळच्या उलट्या बादलीवर बसून राहिली. घर चार पावलांवर होतं, गेली मात्र नाही.

आता उरला ॲलिस्टर. इतका वेळ तो टू-इन-वनच्या काचेकडे बघत होता. धंदाच तो.

"सुई लाल मध्ये अडकलीये गं," तो हळूच म्हणाला. "सगळं फाटलं असणार. एवढं ओरडून फुकट गेलं. ऐक, मी हात लावत नाही, फक्त सांगतो. माइक दोन हात मागे घे आणि एकदाच परत कर. फार नाही. नाहीतर दे माझ्याकडे, वरचं वरचं जरा..."

जीनाने बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. गरम झाली होती. कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना प्लॅस्टिकची दोन बारकी झाकणं असतात. ती मोडली की टेपरेकॉर्डर त्या कॅसेटवर पुन्हा काही भरू देत नाही. विपुलने न सांगता खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पुढे केला.

"ए, थांब, थांब," ॲलिस्टर म्हणाला. "एकदा ऐकून तर घे! कसं आलंय ते तरी बघ!"

टक्. एक मोडलं.

"वाईट आलं असेल तर?"

"असेल," जीना म्हणाली. आवाज कुठला, नुसती हवा घासत बाहेर आली. टक्. दुसरं.

तिने कॅसेट विपुलच्या हातात दिली. "पुण्याला पाठव. आणि विरारवाल्यांना सांग, इंजिन उचलून न्यायला टेम्पो लागेल, तो देत असतील तर येतो."